बालाजीच्या गोदामातले माझे खोके

बालाजी गेल्याची बातमी मला कापूस विकताना कळली. सकाळी नुकतंच मेडिकलचं दुकान उघडलं होतं, देवाच्या फोटोसमोर उदबत्ती लावून मी स्टुलावर टेकत होतो. मोंढ्यातला, म्हणजे धान्यबाजारातला, एक ओळखीचा हमाल काउंटरशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "कापसाचं बंडल द्या एक, मोठं." मी सवयीनं विचारलं, "कुणाला लागलं काय?" तर तो माझ्याकडं जरा चमत्कारिक नजरेनं पाहत म्हणाला, "तुमाला न्हाई कळलं? बालाजीभाऊ गेले की पहाटं. झोपेतच. त्यांच्यासाठीच न्यायलोय." माझा हात कपाटापर्यंत गेला, बंडल काढलं, कागदात गुंडाळलं, दिलं... हे सगळं मी केलं एवढं आठवतं. तो गेल्यावर बराच वेळ मी दुकानातच बसून राहिलो. मानवतसारख्या गावात माझ्या दुकानापासून त्याच्या घरापर्यंत चालत सात-आठ मिनिटं लागतात. मी तिथं पोचलो ते अंत्ययात्रा निघता निघता. आणि पोचलो तरी गर्दीच्या मागं, शेवटच्या माणसांत उभा राहिलो. खांदा द्यायला पुढं झालो नाही. चाळीस वर्षांचा मित्र, आणि त्याला खांदा द्यायचा मला अधिकार नाही हे तिथं दोनच माणसांना ठाऊक होतं. एक मी. दुसरी त्याची बायको, सत्यभामावहिनी.

या गोष्टीला आता सात आठवडे झाले. वर्तमानपत्राच्या पुरवणीत माणसं आपल्या गेलेल्या मित्रांवर लिहितात ते मी वर्षानुवर्षं वाचत आलो आहे. त्यात मित्राचे गुण असतात, आठवणी असतात, आणि लिहिणाऱ्याचा त्या मित्रावर किती जीव होता तेही असतं. माझाही होता. पण माझ्या बाबतीत एवढंच लिहून थांबलो तर तो आणखी एक खोटेपणा होईल, आणि बालाजीशी मी आधीच पुरेसा खोटेपणा केलेला आहे.

आम्ही पाचवीपासून एका बाकावर. दहावीनंतर मी औषधनिर्माणशास्त्राची पदविका करायला बाहेरगावी गेलो आणि तो वडिलांच्या बारदान्याच्या दुकानात बसला. बारदाना म्हणजे पोती. मोंढ्यात कापूस, तूर, सोयाबीन, सगळ्याला पोती लागतात. जुनी पोती विकत घ्यायची, झटकायची, फाटलेली दाभण-सुतळीनं शिवायची आणि पुन्हा व्यापाऱ्यांना द्यायची, हा त्याचा धंदा. त्याच्या अंगावर कायम तागाची कुसळं असायची. पोतं नुसतं हुंगून त्यात आधी काय भरलं होतं ते तो सांगायचा. "ही साखरेची. ही सरकीची. ह्यात पैल्यांदा तूर व्हती, मग कुणीतरी खत भरलं, ही टाकून दे." व्यापारी त्याची गंमत करायचे, पण खताचं पोतं धान्याला कधी जाणार नाही याची खात्री म्हणून त्याच्याकडंच यायचे. मी परत येऊन बसस्थानकाच्या रस्त्यावर मेडिकल टाकलं त्या दिवशी त्यानं दुकानाची फरशी स्वतः धुतली होती. तेव्हापासून मला तो 'डाक्टर' म्हणायचा. मी डॉक्टर नाही हे गावाला ठाऊक होतं, पण त्याच्या तोंडचं ते नाव गावानंही उचललं.

माझे वडील परभणीला दवाखान्यात होते तेव्हा बालाजी अकरा दिवस त्यांच्याजवळ राहिला. ऐन हंगामात. मी दुकान बंद ठेवू नये म्हणून. वडिलांचं अंग पुसणं, भांडं देणं, सगळं केलं. मी दुपारी एसटीनं डबा घेऊन जायचो तर हा वडिलांना पोखर्णीच्या यात्रेतल्या गमती सांगत बसलेला. दर वर्षी आम्ही दोघं पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला जायचो, आणि दर वर्षी तिथं त्याची चप्पल हरवायची. वडील हसायचे. ते गेले त्यानंतर मी एकदा त्याला म्हणालो होतो, "तुझे उपकार फिटायचे नाहीत." तर त्याला राग आला. म्हणाला, "उपकार कशाचे रे? तुहा बाप, त्यो माहा कोणीच न्हाई का?"

आता जे सांगायचं आहे ते.

पाच-सहा वर्षांपूर्वी माझ्या दुकानात एक माणूस यायला लागला. औषध कंपन्यांचे प्रतिनिधी येतात तसाच. गळ्यात टाय, हातात बॅग, बोलायला गोड. मोठ्या शहरातल्या एका एजन्सीचं काम बघतो म्हणाला. दोन-तीन फेऱ्या त्यानं नेहमीची औषधं दाखवण्यात घालवल्या. चौथ्या फेरीत म्हणाला, "सर, तुमच्या लायसनवर थोडा माल उचलू. तुमच्या दुकानात आणायचीसुद्धा गरज नाही. कागद तुमचा, बाकी आमचं." माल म्हणजे खोकल्याचं औषध, ज्यात गुंगी आणणारा घटक असतो, आणि झोपेच्या गोळ्यांची पाकिटं. दोन्ही बेकायदा नाहीत. डॉक्टरच्या चिठ्ठीवर मीही विकतो. कारखाना खरा, बाटली खरी, लेबल खरं. फक्त ती बाटली माझ्या काउंटरवर यायच्या ऐवजी वाटेतच दुसरीकडं वळते, आणि चिठ्ठी नसलेल्या हातात जाते. मी काय ते लगेच समजलो. वीस-पंचवीस वर्षं हा धंदा केलेल्या माणसाला समजत नाही असं कोण म्हणेल? मला पैशाची गरज होती असं इथं लिहायला बरं वाटलं असतं. नव्हती. घर बांधून झालं होतं, दुकान चालत होतं. सोपं होतं, आणि कुणाला दिसत नव्हतं, म्हणून मी हो म्हणालो.

नशेचा धंदा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढं गुंड, बंदुका, समुद्रातली बोट असलं काहीतरी येतं. मी पाहिलेल्या धंद्यात असं कुणीच नव्हतं. एक एजन्सीवाला, एक माझ्यासारखा परवानाधारक, एक ट्रॅव्हल्सच्या डिकीत खोके टाकून देणारा, एक जीपवाला, एक पानटपरीवाला. सगळी घरदार असलेली माणसं, सणाला पुरणपोळी खाणारी. प्रत्येकाला आपल्या आधीचा एक आणि आपल्या नंतरचा एक, एवढेच ठाऊक. त्यापलीकडं विचारायचं नाही हा नियम कुणी सांगावा लागत नाही, आपणच पाळतो, कारण न विचारण्यातच आपली सोय असते. मी स्वतःला सांगायचो की मी फक्त सही करतो. जीपवाला म्हणत असेल, मी फक्त गाडी चालवतो. टपरीवाला म्हणत असेल, गिऱ्हाईक मागतं म्हणून देतो. आणि शेवटी ती बाटली पिणारा जो असतो, त्याला काहीच म्हणायचं उरत नाही.

अशा पिणाऱ्यांपैकी एकाचं घर माझ्या दुकानापर्यंत आलं होतं. पालमकडची एक बाई, ऊसतोडीच्या टोळीवरून परत आलेली, हाताला कोयत्याचे घट्टे. तिनं पदराखालून रिकामी बाटली काढून काउंटरवर ठेवली. "असलीच द्या दादा. फडावर मुकादमाच्या माणसानं सवय लावली माझ्या मालकाला. कंबर दुखत न्हाई म्हणं, लय ऊस तुटतो म्हणं. आता न्हाई भेटली की भिंतीला डोकं आपटायलेत." मी बाटली उचलून पाहिली. बॅच नंबर ब्लेडनं खरवडलेला होता. तसे खरवडलेले नंबर मी ओळखत होतो. एजन्सीकडून माझ्या नावावर उचललेल्या मालाचे काही खोके एकदा चुकून दुकानात उतरले होते, त्यातल्या प्रत्येक बाटलीवर तोच खरवडा होता. मी तिला म्हणालो, "हे औषध आमच्याकडं नसतं, बाई." तिनं बाटली परत पदराखाली घेतली. "मग कुठं भेटंल?" तिनं विचारलं. त्याला सरकारी दवाखान्यात ने, ही सवय सुटते, इतकं तरी मी सांगायला हवं होतं. तेवढं मला येत होतं. मी पुढच्या गिऱ्हाईकाची चिठ्ठी हातात घेतली.

त्यानंतरही मी थांबलो नाही.

मग एकदा कळलं की तालुक्यातल्या मेडिकलची तपासणी होणार आहे. आणि नेमके तेव्हा सहा खोके माझ्या दुकानाच्या माळ्यावर होते. वाटेत कुठंतरी अडचण झाली म्हणून त्या एजन्सीवाल्यानं 'दोन दिवस ठेवा' म्हणत उतरवलेले. मी दुपारी हातगाडी केली आणि खोके बालाजीच्या घरी पाठवले. त्याचं गोदाम घराला लागूनच, पत्र्याचं, पोत्यांच्या थप्प्यांनी भरलेलं. मी पाठोपाठ गेलो. सत्यभामावहिनींनी चहा टाकला. बालाजीनं एका खोक्याला नाक लावलं, ही त्याची सवयच. "गोड वास यायलाय रे. काय हाय?"

"सर्दी-खोकल्याचं औषध. दुकानात जागा नाही. आठ दिवस राहू दे."

"ऱ्हाऊ दे की. उंदरं लागत्याल, त्यावर पोती टाकतो." त्यानं एवढंच विचारलं. आणि चहा पिताना जावयाला दिवाळीत काय घ्यावं ते मला विचारत बसला, कारण त्याच्या थोरल्या पोरीचं नुकतंच लग्न झालं होतं.

आठ दिवसांनी एक जीप आली, खोके घेऊन गेली. एजन्सीवाल्याला जागा आवडली. मोंढ्याजवळ, पोत्यांत झाकलेली, कुणाला संशय येणार नाही अशी. त्यानं मला विचारलं, मी बालाजीला विचारलं, बालाजी म्हणाला, "तुहा माल हाय ना? मग मला काय इचारतो." असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा जीपवाला दुसऱ्या गावात पकडला गेला आणि त्यानं पोलिसांना मानवतचं गोदाम दाखवलं. त्यानं मला कधी पाहिलेलं नव्हतं. त्याला एवढंच ठाऊक होतं की माल इथून उचलायचा.

बालाजीला नेलं तेव्हा मी दुकानात होतो. रस्त्यावरून माणसं मोंढ्याकडं पळत होती. मी एजन्सीवाल्याला फोन लावला. त्यानं उचलला, शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, तुम्ही मला ओळखत नाही. मी तुम्हाला ओळखत नाही." त्यानंतर तो नंबर कधीच लागला नाही. एवढी मोठी साखळी, आणि माझ्या वरची तिची कडी एका वाक्यात गळून पडली. खाली उरला एकटा बालाजी, ज्याला आपण कुठल्या साखळीत आहोत हेच ठाऊक नव्हतं. पण कायदा ज्याच्या ताब्यात माल सापडतो त्याला धरतो.

मला वाटलं, आज नाही तर उद्या तो माझं नाव सांगेल. मी दाराकडं डोळे लावून बसायचो. तीन दिवस, आठ दिवस, महिना... कुणी आलं नाही. बालाजीनं पोलिसांना सांगितलं होतं, "एक माणूस ठेवून गेला. नाव ठाऊक न्हाई." हेच तो शेवटपर्यंत सांगत राहिला. खरं सांगतो, हे कळल्यावर मला पहिल्यांदा जे वाटलं ते दुःख नव्हतं. मला हायसं वाटलं. त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

अमली पदार्थांच्या कायद्यात जामीन सहज मिळत नाही. एकोणीस महिने तो तुरुंगात होता. मी एकदाही भेटायला गेलो नाही. दुकान बंद पडलं, मोंढ्यातल्या व्यापाऱ्यांनी दुसरीकडून पोती घ्यायला सुरुवात केली. धाकटी ज्योती कॉलेजात होती, तिला पोरं 'गोळीवाल्याची पोरगी' म्हणायची. तिनं परीक्षाच दिली नाही. हे सगळं मला माझ्या काउंटरवर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांकडून कळायचं. ते म्हणायचे, "तुमचा दोस्त असा निघाला, डाक्टर. कुणाच्या पोटात काय असंल, सांगता येत न्हाई." आणि मी... मी मान हलवायचो. हो म्हणायचो नाही, नाहीही म्हणायचो नाही. नुसती मान हलवायचो.

त्या काळात सत्यभामावहिनी एकदा दुकानात आल्या. गिऱ्हाईक जाईपर्यंत कडेला थांबल्या. मग जवळ येऊन, पदर सावरत, अगदी हळू म्हणाल्या, "भाऊजी, तुमी एकदा वकिलाला भेटा."

मी विचारलं, "बालाजीनं सांगितलंय का?"

"न्हाई. ते तर म्हणायलेत, तू त्याचं नाव घेऊ नको. त्याचं त्यो येऊन सांगल. वकील बोलून बोलून थकला. पण भाऊजी, त्या दिवशी चहा मीच दिला व्हता ना तुमाला."

"बघतो, वहिनी," मी म्हणालो. "एवढं माझ्या मुलीचं लग्न होऊ द्या."

त्या 'बरं' म्हणाल्या. त्यांनी शाप द्यायला हवा होता, दुकानात ओरडायला हवं होतं. त्या 'बरं' म्हणाल्या आणि गेल्या. माझ्या मुलीचं लग्न झालं. मग दिवाळसण झाला. मग बाळंतपण. प्रत्येक वेळी पुढं काहीतरी असायचंच. तीनदा मी वकिलाच्या दारापर्यंत गेलो, हे खरं. पण दारापर्यंत गेलो होतो हे आता सांगण्यात काय अर्थ आहे? तो प्रत्येक दिवस बालाजीनं आत काढला.

पंचनाम्यात काही चुका निघाल्या आणि तो सुटला. गाव म्हणालं, "सुटला, पण वकिलानं सोडवला." म्हणजे निर्दोष नव्हेच. परत आला तेव्हा केस पांढरे झाले होते, गालाची हाडं वर आली होती. दुकान पुन्हा उघडलं नाही. घरीच ओट्यावर बसून दुसऱ्या दुकानदारांची पोती शिवून द्यायचा. महिन्याभरानं तो माझ्या दुकानात आला. मी त्याला येताना पाहिलं आणि आत जाऊन लपावं असं वाटलं. त्यानं नेहमीसारखी काउंटरवर कोपरं टेकली. "काय डाक्टर, बरं हाय का? बीपीची गोळी दे. तिथं सुरू झाली." मी गोळ्या दिल्या. माझ्या मुलीच्या बाळाची चौकशी केली त्यानं, नाव काय ठेवलं विचारलं. तुरुंगाबद्दल एक शब्द नाही. मग दर महिन्याला यायला लागला. त्याच दिवशी, त्याच वेळी, जेव्हा दुकानात गर्दी नसते. मला आता वाटतं, तो मला संधी देत होता. दर महिन्याला येऊन, माझ्यासमोर उभा राहून, गप्पा मारत, वाट बघत होता.

गेल्या उन्हाळ्यात एकदा त्यानं गोळ्यांचं पाकीट खिशात ठेवलं आणि जाता जाता वळला. रस्त्यावर ऊन होतं, दुकानात पंख्याचा आवाज. "एक इचारू का रे?" म्हणाला. "राग येऊ देऊ नको. त्या खोक्यात काय हाय ते तुला ठावं व्हतं का?"

त्याच्या आवाजात आरोप नव्हता. उलट, माझ्याकडं काहीतरी उसनं मागायला आल्यासारखा तो अवघडला होता. मला दिसत होतं की हा प्रश्न त्यानं एकोणीस महिने आणि त्यानंतरही कितीतरी दिवस उराशी धरून ठेवलेला आहे. मी त्या क्षणी 'हो' म्हणालो असतो तर कदाचित त्यानं मला शिव्या दिल्या असत्या, कदाचित थोबाडीत मारली असती, आणि कदाचित आम्ही दोघं तिथंच बसून रडलो असतो.

मी म्हणालो, "नाही रे. मला काय माहीत. मलाही फसवलं त्यांनी."

तो जरा वेळ माझ्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "मग ठीक हाय. मला बी तसंच वाटलं. म्हणून तर तुहं नाव न्हाई घेतलं. दोगंबी उगंच आत गेलो असतो... एकावरच भागलं." हसला थोडा. आणि गेला. त्यानंतर महिना झाला, तो आला नाही. दोन महिने झाले. ज्योती येऊन गोळ्या घेऊन जायला लागली. मी विचारलं तर म्हणायची, "बाबांचे पाय दुखायलेत, चालवत न्हाई." मी ते खरं मानलं. मानणं सोयीचं होतं.

तेराव्याला मी गेलो नाही. चौदाव्या दिवशी, पाहुणे पांगल्यावर गेलो. सत्यभामावहिनी चुलीपाशी बसल्या होत्या. मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. लायसनपासून, त्या पालमच्या बाईपासून, माळ्यावरच्या खोक्यांपासून, त्या उन्हाळ्यातल्या दुपारच्या खोट्यापर्यंत. सांगताना मला वाटत होतं की मी फार मोठं काही करतो आहे. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, "ज्या दिवशी तुमी न्हाई म्हणालात, त्या दिवशी ते घरी येऊन जेवले न्हाईत. मी इचारलं काय झालं. तर म्हणाले, त्याला ठावं व्हतं गं. त्याच्या तोंडावर दिसलं."

मी उठायला लागलो, तेव्हा त्या पुढं म्हणाल्या,

"तवापासून दुकानाकडं गेलेच न्हाईत ते. पाय चांगले व्हते त्यांचे." त्यांनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "आन हे मला कशाला सांगायलात, भाऊजी? मला आधीच ठावं हाय. जिथं सांगायचं तिथं जाऊन सांगा."

मी गेलो. लगेच नाही. चार दिवस घरात बसलो, बायकोला सांगितलं, ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, तिसऱ्या दिवशी म्हणाली, "चला, मी येते." पोलीस ठाण्यातल्या तरुण अधिकाऱ्यानं माझा जबाब लिहून घेतला. मध्येच लिहिणं थांबवून त्यानं विचारलं, "केस संपली आहे. माणूसही वारला. आता का सांगताय?" मी म्हणालो, "त्याचं नाव साफ व्हावं म्हणून." तो म्हणाला, "ते साफ करायला तो असताना यायचं होतं." आणि पुन्हा लिहायला लागला. त्या माणसाचं वर्णन, एजन्सीचं नाव, जे जे होतं ते मी दिलं. माझा परवाना मी स्वतः जमा केला आहे. दुकान बंद आहे. पुढं माझ्यावर गुन्हा दाखल होईल असं वकील सांगतो. व्हायला हवा. त्या पालमच्या बाईचा शोध घ्यायचा प्रयत्न केला, तिचं गाव मला ठाऊक नाही, नावही नाही. त्या दिवशी विचारलंच नव्हतं. एजन्सीचं शटर बंद आहे म्हणतात. तो टायवाला माणूस दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या एखाद्या परवान्यावर सह्या घेत असेल. माझ्यासारखे त्याला कमी पडणार नाहीत.

परवा हा लेख इथपर्यंत लिहून झाल्यावर मी तो घेऊन बालाजीच्या घरी गेलो. छापायला देण्याआधी सत्यभामावहिनींना वाचून दाखवावा, त्यांची हरकत असेल तर देऊ नये, असं ठरवलं होतं. त्या आणि ज्योती अंगणात होत्या. उकाडा होता, गल्लीतल्या सगळ्यांच्या खाटा बाहेर आलेल्या, म्हातारी माणसं पंख्यानं वारा घेत बसलेली. मला बघून ज्योती उठून शेजारच्या घरी गेली. मी वाचत गेलो. वहिनी मान खाली घालून ऐकत होत्या. मी मध्ये एकदा थांबलो तर म्हणाल्या, "वाचा. त्यांचं पोती हुंगायचं लिवलंत, ते बरं केलं." वाचून झाल्यावर त्यांनी हरकत घेतली नाही. चांगलं झालं असंही म्हणाल्या नाहीत.

मग त्या एकदम उठल्या. सूर्य अजून पुरता बुडाला नव्हता. "आत चला," म्हणाल्या. मला समजलं नाही, पण मी उठलो. आत गेल्यावर त्यांनी दाराची कडी घातली आणि मग माझ्याकडं पाहून, जणू माझी माफी मागत असल्यासारख्या, म्हणाल्या, "सवय झाली, भाऊजी. तिथं दिस मावळायच्या आधी कोठडीत घालायचे ना त्यांना. घरी आल्यावर बी तसंच. गल्लीतली समदी माणसं बाहेर बसलेली असायची, पण ते ह्या टायमाला उठून आत यायचे आन म्हणायचे, कडी घाल. कितीदा सांगितलं, आवो, हे आपलं घर हाय. तरी बी घालाय लावायचे. आता ते न्हाईत, पण हात आपसूक जातो."

त्या खोलीत एकच खिडकी आहे, उंचावर. बाहेरून माणसांच्या बोलण्याचा, हसण्याचा आवाज येत होता. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला जायचं होतं, पण कडी काढा असं मी म्हणालो नाही. मी खाली बसलो आणि अंधार होईपर्यंत आतच बसून राहिलो.